यादी हातानेच लिहा

गेल्या हिवाळ्यात आमच्या कार्यालयात एक फजिती झाली. फजिती माझीच आहे, त्यामुळे ती सांगायला कुणाची परवानगी लागणार नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. र्युसेल्सहाइम हे माइन नदीकाठचे गाव. फ्रँकफर्टहून वीसबाडेनकडे जाणारी एस-८ किंवा एस-९ लोकल पकडली की वाटेत लागते. गावाची ओळख एकच, ओपेल. स्टेशनातून बाहेर पडलात की कारखान्याच्या जुन्या दरवाजापुढे आडाम ओपेलचा पुतळा दिसतो. या गृहस्थाने १८६२ मधे इथे शिलाई मशीन बनवायला सुरुवात केली. मोटारी नंतर, त्याच्या मुलांनी. माझे कार्यालय मात्र त्या दरवाजाच्या आतले नव्हे. आम्ही जेमतेम पंधरा माणसे. धातूच्या जोडांवर पुन्हा पुन्हा भार द्यायचा, ते कधी तुटतात ते बघायचे आणि गिऱ्हाइकाला अहवाल लिहून द्यायचा, हा आमचा धंदा. जोड तोडायला आठवडा लागतो, अहवाल लिहायला महिना.

हे अहवाल आम्ही लाटेकमधे लिहितो. (रबराच्या लॅटेक्सशी संबंध नाही, स्पेलिंग तेवढे सारखे.) ज्यांचा कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. डोनाल्ड क्नूथ यांना १९७७ साली आपल्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते बघून इतका वैताग आला की त्यांनी अक्षरजुळणीची प्रणालीच स्वतः लिहायला घेतली. ती 'टेक'. तिच्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात जो वापरायला सोपा साज चढवला, ते लाटेक. यात वर्डसारखे पान डोळ्यासमोर दिसत नाही. तुम्ही साधा मजकूर लिहायचा, मधेमधे आज्ञा द्यायच्या, आणि पाने, प्रकरणांचे क्रमांक, अनुक्रमणिका, संदर्भ हे सगळे यंत्राने लावून द्यायचे. लिखाण मोठे असेल तर प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाइल करतात आणि एका मुख्य फाइलमधे ओळीने सांगतात: हे प्रकरण आत घे, आता ते घे. या आज्ञेचे नाव 'इन्क्लूड'.

प्रकरणे बारा, तर ओळी बारा. आणि एकाखाली एक बारा सारख्या ओळी दिसल्या की इंजिनियरच्या हाताला खाज सुटते. "हे काय हाताने लिहायचे? लूप लाव ना!" लूप म्हणजे यंत्राला सांगायचे की एक ते बारा मोज आणि प्रत्येक आकड्याला त्या क्रमांकाची फाइल आत घे. बारा ओळींच्या दोन झाल्या. डॉक्टरेट करताना, एका रात्री दोन वाजता, मीही हाच लूप लावला होता, आणि मोठ्या अभिमानाने. वर एक जादा शहाणपणा केला: फाइल सापडली तर घे, नाही सापडली तर मुकाट पुढे जा. तेव्हा निम्मी प्रकरणे लिहायचीच होती, दर वेळी यंत्राची कुरकूर कोण ऐकणार?

तो साचा माझ्याबरोबर नोकरीत आला. मग माझ्याकडून सहकाऱ्यांकडे, आणि त्यांच्याकडून गेल्या वर्षी सहा महिने कामाला आलेल्या एका सांगलीकडच्या मुलाकडे.

अहवालात अकरा प्रकरणे होती. नवव्याचे नाव 'निष्कर्षांच्या मर्यादा'. या मुलाने त्याच्या फाइलचे नाव लिहिताना पहिले अक्षर कॅपिटल केले. (देवनागरीत कॅपिटल नाही हा तिच्या अनेक गुणांपैकी एक.) त्याच्या लॅपटॉपवर विंडोज, विंडोजला हा फरक दिसत नाही, त्यामुळे तिथे सगळे व्यवस्थित. अंतिम प्रत मात्र लिनक्सच्या यंत्रावर तयार होते आणि लिनक्सला तो फरक दिसतो. लूप नवव्या आकड्याला आला, फाइल सापडली नाही, आणि मी शिकवल्याप्रमाणे मुकाट पुढे गेला.

आता यातली मेख बघा. लाटेक क्रमांक स्वतः लावतो. त्यामुळे दहावे प्रकरण आपोआप नववे झाले, अकरावे दहावे. अनुक्रमणिका सुबक. पाने सलग. त्या प्रकरणाचा उल्लेख दुसऱ्या कुठल्या प्रकरणात असता तर तिथे दोन प्रश्नचिन्हे उमटली असती, पण मर्यादांच्या प्रकरणाचा हवाला कोण देतो? दोघांनी अहवाल वाचून सही केली. त्यातला एक मी.

चार दिवसांनी गिऱ्हाइकाचा फोन. "हे आकडे उणे वीस अंशाला वापरतोय. चालेल ना? तुम्ही तर काहीच अट घातलेली नाही." अट घातली होती. चाचण्या फक्त खोलीच्या तापमानाला झाल्या आहेत, गोठवणाऱ्या थंडीसाठी हे आकडे वापरू नका, असे स्वच्छ लिहिले होते. गहाळ प्रकरणात! सुदैवाने सगळे अजून कागदावरच होते. कुठला जोड तुटला नाही, कुणाला इजा झाली नाही. पण त्या माणसाने फोन केलाच नसता तर?

"दादा, माझी चूक आहे, कॅपिटल माझ्या हातून पडले," तो मुलगा रडवेला होऊन म्हणाला. मी म्हटले, "तुझ्या हातून एक अक्षर पडले, माझ्या हातून अख्खे प्रकरण. गप्प बस."

आमच्या विभागप्रमुख बाई निवृत्तीला आलेल्या. त्यांनी एकच विचारले, "या अहवालाची श्ट्यूकलिस्ट कुठे आहे?" श्ट्यूकलिस्ट म्हणजे सुट्या भागांची यादी. जर्मन कारखान्यात तिच्याशिवाय पान हलत नाही. मी म्हटले, यादी नाही, यंत्र फोल्डरमधे असेल ते घेते. त्या म्हणाल्या, "म्हणजे डब्यात जे स्क्रू सापडतील ते गाडीला लावायचे?"

मंडळी, तेव्हापासून मी या लूपचा वैरी झालो आहे आणि बाकीचा लेख वैऱ्याने लिहिला आहे असे समजून वाचा.

लूपवाल्यांचा पहिला मुद्दा असा की पुनरावृत्ती हे पाप आहे. हंट आणि थॉमस यांच्या 'द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर' (१९९९) या पुस्तकाने 'डोन्ट रिपीट युवरसेल्फ' हा मंत्र दिला आणि तो आमच्या जमातीने जानव्यासारखा गळ्यात घातला. पण त्या पुस्तकात म्हटले आहे काय? तर एक माहिती एकाच ठिकाणी, निःसंदिग्धपणे असावी. सारखे दिसणारे शब्द दोनदा टाइप करू नका, असे नव्हे. मुख्य फाइलमधल्या बारा ओळी दिसायला सारख्या आहेत, पण प्रत्येक ओळीत वेगळी माहिती आहे: हे प्रकरण या पुस्तकात आहे आणि ते इथे आहे. लूप लावला की ही माहिती नाहीशी होत नाही, ती फाइलींच्या नावांत जाऊन लपते. म्हणजे मंत्र जपत जपत मंत्राच्या उलट वागणे झाले.

आई वाण्याकडे पाठवायची तेव्हा कागदावर लिहून द्यायची: तूरडाळ, पोहे, गूळ, हिंग. प्रत्येक ओळीत 'आण' हाच अर्थ आहे म्हणून तिने 'दुकानातल्या एक ते चार नंबरच्या बरण्यांतले आण' असे कधी लिहिले नाही. लग्नातसुद्धा आपल्याकडे आधी याद्या होतात, मग अक्षता पडतात.

दुसरा मुद्दा क्रमाचा, आणि तो जास्त गंभीर आहे. इथे जर्मनीत बसून मला हटकून डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर आठवतात. आमच्यासारख्या परदेशात डॉक्टरेट करणाऱ्यांचे ते खापरपणजोबाच: कॉर्नेल विद्यापीठाचे डॉक्टर, पत्नी शीलवतीबाई मूळच्या जर्मन, एडिथ कोह्न. (विंटरनिट्झ यांचा भारतीय साहित्याचा जर्मन इतिहास या बाईंनीच इंग्रजीत आणला.) केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश १९२० च्या दशकात २३ खंडांत निघाला. कोश म्हटला की आपण 'अ'ची वाट बघतो. पण केतकरांचे पहिले पाच खंड अकारविल्हे नाहीतच! ते प्रस्तावनाखंड आहेत: 'हिंदुस्थान आणि जग', 'वेदविद्या', 'बुद्धपूर्व जग', 'बुद्धोत्तर जग', 'विज्ञानेतिहास'. सहाव्यापासून अकारविल्हे सुरू.

हा क्रम म्हणजे केतकरांचे म्हणणे आहे. आधी आपण जगात कुठे उभे आहोत ते सांगायचे, मग वेदांपासून निघून विज्ञानापर्यंत यायचे. आता हेच पाच खंड लूपला द्या आणि नावांप्रमाणे लाव म्हणा. 'बुद्धपूर्व जग' पहिले येईल, मग 'बुद्धोत्तर जग', मग 'विज्ञानेतिहास', त्याच्या मागे 'वेदविद्या', आणि 'हिंदुस्थान आणि जग' सगळ्यात शेवटी. एकही अक्षर बदलले नाही, एकही पान गळले नाही, आणि केतकरांचे म्हणणे मात्र गेले. सहाव्या खंडापुढच्या नोंदींना अकारविल्हे क्रम शोभतो, कारण तिथे वाचक नोंद शोधायला येतो. पहिल्या पाचांत तो वाचायला येतो. कुठे यंत्राचा क्रम चालतो आणि कुठे माणसाचा लागतो, हे केतकरांना संगणकाच्या कितीतरी आधी कळले होते.

बरे, अकारविल्हे तरी यंत्राला धड येते का? आपण शाळेत 'स ह ळ क्ष ज्ञ' शिकलो. युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल आणि व यांच्या मधे बसला आहे. संकेतांकानुसार लावलेला मराठी क्रम ळ पाशी चुकणार म्हणजे चुकणारच. देवनागरीचे सोडा, आकड्यांचीही तीच गत. फाइलींना १, २, ३ अशी नावे देऊन नावांप्रमाणे लावायला सांगा. एकाच्या मागे दहा, अकरा, बारा येतात आणि मग दोन. त्यावर तोडगा म्हणून लोक ०१, ०२ लिहितात. म्हणजे यादी लिहायचा कंटाळा म्हणून प्रत्येक फाइलच्या कपाळावर शून्य गोंदायचे!

आणि आकडे गोंदले की ते सोसावे लागतात. माझ्या प्रबंधात तिसऱ्या आणि चौथ्या प्रकरणांच्या मधे एक नवे प्रकरण घालायचे ठरले. यादी असती तर एक ओळ वाढली असती. लूप होता, म्हणून चौथ्याचे नाव पाचवे, पाचव्याचे सहावे, असे करत बसलो. हे काम शेवटाकडून सुरू करायचे असते. मी पुढून सुरू केले, आणि चौथे प्रकरण पाचव्याच्या उरावर जाऊन बसले. तीन दिवसांचे लिखाण गेले. लूपने वाचवलेल्या दहा ओळींची ती किंमत.

तिसरा मुद्दा आगंतुकांचा. लूपवाल्यांमधे आकडे मोजणारे निदान मवाळ. जहाल गट म्हणतो, आकडे तरी कशाला, त्या फोल्डरमधे जे असेल ते सगळे घे. लाटेकला स्वतःहून फोल्डरात डोकावायची सोय नाही, म्हणून हे लोक बाहेरून एखादी छोटी स्क्रिप्ट लावतात. यात गहाळ होण्याची भीती कमी, पण जुना खर्डा, मार्गदर्शकांनी शेरे मारून पाठवलेली प्रत, 'अंतिम', 'अंतिम-२', 'खरेच अंतिम' हे सगळे आत येऊन बसतात.

ग्रंथात काय आहे याइतकेच काय नाही हेही कुणीतरी ठरवावे लागते. ज्ञानेश्वरीच्या पोथ्या पाठांतराने आणि नकलांनी तीनशे वर्षांत बिघडल्या, तेव्हा एकनाथांनी शके १५०६ मधे (इ.स. १५८४) शुद्ध प्रत तयार केली. मिळेल ती पोथी आणून शिवून टाकली नाही. घेतले, गाळले, आणि पुढे कुणी आपली ओवी त्यात घुसडू नये अशी सक्त ताकीद देऊन ठेवली. फोल्डरमधले सगळे उचलणारा लूप म्हणजे या ताकदीची उलटी आवृत्ती: या, ज्याला यायचे त्याने या.

आता आक्षेप. ते खरे आहेत, म्हणून टाळत नाही.

"लिहिताना दर वेळी बाराही प्रकरणे जुळवायची? वेळ जातो." त्यासाठी लूप लागत नाही. 'इन्क्लूडओन्ली' नावाची आज्ञा आहे. यादी पूर्ण ठेवायची आणि या आज्ञेत आजच्या कामापुरत्या प्रकरणांची नावे द्यायची. 'इन्क्लूड' प्रत्येक प्रकरणाची वेगळी टाचणवही ठेवतो, त्यामुळे बाकीची प्रकरणे बाजूला ठेवूनही पानांचे क्रमांक आणि संदर्भ गेल्या वेळचे कायम राहतात. प्रबंध लिहिणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना जे हवे असते ते हेच.

"हाताने यादी लिहिली तरी फाइल गहाळ होऊ शकतेच की." शकते. आणि इथे लाटेकचाही दोष आहे: 'इन्क्लूड'ला फाइल सापडली नाही तर तो थांबत नाही, लॉगमधे 'नो फाइल' एवढे पुटपुटतो आणि पुढे जातो. 'इनपुट' ही दुसरी आज्ञा मात्र अडून बसते. त्यामुळे यादीच्या जोडीला एक पहारेकरी ठेवा: फाइल नसेल तर काम थांबव. असा पहारेकरी लूपलाही ठेवता येतो, मान्य. पण लूपचा पहारेकरी ओरडेल 'नववी फाइल नाही'. यादीचा ओरडेल 'मर्यादा नाहीत'. दुसरे ऐकून माणूस खुर्चीतून उठतो.

"नावांची यादी देतो आणि तिच्यावर लूप चालवतो, मग तर झाले?" झाले. यादी तुमची असेल तर माझे भांडण मिटले. फक्त एक ध्यानात ठेवा, लाटेकमधे सर्रास वापरला जाणारा 'फॉरईच' प्रत्येक फेरी बंद खोलीत चालवतो. प्रकरणात केलेली स्थानिक व्याख्या फेरी संपली की पुसली जाते आणि पुढच्या प्रकरणात ती का सापडत नाही म्हणून तुम्ही रात्र जागवता. 'इन्क्लूड' हा शब्द बारा वेळा न लिहिण्यासाठी एवढे करायचे असेल तर खुशाल करा.

आणि जिथे लूप शोभतो तिथे मी स्वतः लावतो. आमच्या अहवालाच्या परिशिष्टात प्रत्येक नमुन्याचे एक पान असते. अठ्ठेचाळीस नमुने, अठ्ठेचाळीस पाने, सगळी यंत्रानेच काढलेली, एकाच छापाची. ती हाताने लिहिणारा वेडा. याच गावात १९२४ मधे ओपेलने सरकत्या पट्ट्यावर गाडी जोडायला सुरुवात केली, जर्मन मोटारधंद्यात पहिल्यांदा. ती गाडी फक्त हिरव्या रंगात यायची, म्हणून लोक तिला 'लाउबफ्रोश', म्हणजे झाडावरचा हिरवा बेडूक, म्हणायचे. एकसारखे बेडूक काढायचे असतील तर पट्ट्यासारखी सोय नाही. पण प्रबंधाची प्रकरणे बेडूक नव्हेत. आणि त्या पट्ट्यावरच्या गाडीलासुद्धा कुठला भाग लागणार हे आधी कुणीतरी कागदावर लिहिलेलेच असते.

तुम्ही म्हणाल, जर्मनीतल्या एका अहवालाचे आम्हाला काय? सांगतो. प्रबंधाचे साचे आपल्याकडे ताईकडून दादाकडे आणि दादाकडून धाकट्याकडे येतात, पुस्तकांना घातलेल्या जुन्या कव्हरांसारखे. त्यात हा लूप असतो. आजकाल संगणकाशी गप्पा मारून उत्तर मिळवता येते, तिथेही 'प्रकरणे आत घ्यायला लूप दे' म्हटले की लगेच मिळतो. तुला लूप कशाला हवा, हे विचारणारे कुणी भेटतेच असे नाही.

आणि याच्या मुळाशी एक खोड आहे, ती मला माझ्यात दिसते म्हणून बोलतो. हाताने काही करणे आपल्याला कमीपणाचे वाटते. वर्कशॉपच्या तासाला कानस घासायला मिळाली की आम्ही तोंड वाकडे करायचो. ते आयटीआयवाल्यांचे काम, आपण साहेब होणार. पुढे संगणक हातात आला आणि तीच खोड 'ऑटोमेशन' असे चांगले नाव घेऊन परत आली. बारा ओळी हाताने लिहिणारा आम्हाला अडाणी वाटतो. इथे आमच्या बाई, चाळीस वर्षे धातू तोडण्यात घालवलेल्या, दर अहवालाआधी कोऱ्या कागदावर पेन्सिलीने प्रकरणांची नावे लिहितात, खोडतात, वरखाली करतात. मी त्याला जुनाट सवय समजत होतो. त्या खरे तर तेव्हाच अहवाल लिहीत असतात.

चार वर्षे घालवून प्रबंध लिहायचा आणि त्यात काय आहे, कुठल्या क्रमाने आहे, हे सांगणाऱ्या बारा ओळी लिहायला पाच मिनिटे नाहीत? हा वेळेचा प्रश्न नाही. आपण कशावर सही करतोय ते एकदा नावानिशी बघायचे की नाही, एवढाच प्रश्न आहे.

असो. माझा तो साचा मी सगळ्यांच्या यंत्रांवरून काढून टाकला. सांगलीकडचा मुलगा परत जायच्या आधी त्याने नवा केला. त्यात आकडे नाहीत, अकरा ओळी आहेत, अकरा नावे आहेत, आणि एखादी फाइल नसेल तर काम तिथेच थांबते. 'मर्यादा' त्याने नववीवरून उचलून दुसरी केली आहे, प्रस्तावनेच्या लगेच खाली. मी विचारले, "का रे?" तर म्हणाला, "दादा, तिथे असली तर वाचतील तरी."

मला हे सुचले नव्हते. लूप असता तर त्यालाही सुचले नसते.